हेल्मेटची सक्ती आणि सवलतीचा धोका

या स्मरणिकेसाठी एखादा समाजोपयोगी लेख द्यावा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील एक माउली मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून बहिणीला भेटायला निघाली होती. रस्त्यावर पाणी साचले होते, त्यात गतिरोधक दिसला नाही. गाडीचा वेग फारसा नव्हता. गाडी उसळली, एका बाजूला पाय सोडून बसलेली ती मागच्या मागे पडली आणि तिचे डोके रस्त्यावर आपटले. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होते, तिच्या डोक्यावर फक्त पदर होता. मुलाला किरकोळ खरचटले. ती तिसऱ्या दिवशी गेली.

सांत्वनासाठी गेलो, तेव्हा तो मुलगा एकच वाक्य पुन:पुन्हा बोलत होता, "काका, मागे बसणाऱ्याला पोलीस विचारत नाहीत हो."

त्याचे म्हणणे अनुभवाच्या दृष्टीने खरे होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र चुकीचे होते. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत त्याच्यासारखीच आहे. हेल्मेट कोठे सक्तीचे आहे, कोणाला सक्तीचे आहे, शहरात लागते की केवळ महामार्गावर लागते, याविषयी ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. म्हणून हा कायदा मुळात काय आहे आणि तो प्रांतोप्रांती वेगळा का भासतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे कलम १२९ हेल्मेटविषयी आहे. सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल चालविणाऱ्या आणि तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे बनविलेले हेल्मेट घातले पाहिजे, असे हे कलम सांगते. येथे "बसणाऱ्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. मागे बसणारी व्यक्ती पहिल्यापासून या कलमात आहे. कायद्याच्या भाषेत स्कूटर, मोपेड यादेखील मोटारसायकलच होत. केवळ साइडकारमध्ये बसलेल्यास हे बंधन नाही.

हेल्मेट म्हणजे काय, हेही त्याच कलमात स्पष्ट केले आहे. त्याचा आकार, साहित्य व बनावट अशी हवी की अपघातात डोक्याचे काही प्रमाणात रक्षण होईल, आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले हवे. म्हणजे पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट हे कायद्याच्या नजरेत हेल्मेट घालणे नव्हे. आरशाला अडकविलेल्या हेल्मेटची तर गोष्टच नको.

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला हेल्मेट आवश्यक, असे कलम १२९ मध्ये स्पष्ट लिहिले गेले. चार वर्षांखालील बालकांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम काढला व तो एक वर्षानंतर अमलात आला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाला त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे, चार वर्षांखालील बालकाला चालकाशी जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा बांधावा आणि असे बालक गाडीवर असताना वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. दंडाच्या बाबतीत पूर्वी पहिल्या गुन्ह्यास शंभर रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ड घालून तो एक हजार रुपये केला आणि शिवाय तीन महिने परवाना रद्द ठेवण्याची तरतूद केली.

मग प्रांतोप्रांती फरक का?

संपूर्ण देशाला एकच कायदा असताना एका राज्यात एक आणि दुसऱ्या राज्यात दुसरे, असे का, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर आपल्या संविधानाच्या रचनेत आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे विषय, राज्यांचे विषय आणि दोघांचे सामाईक विषय अशा तीन सूची आहेत. यंत्रशक्तीने चालणारी वाहने हा विषय तिसऱ्या, म्हणजे समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे. म्हणून मुख्य कायदा संसद करते. त्याखालील अनेक नियम राज्ये करतात आणि अंमलबजावणी राज्यांचे पोलीस व परिवहन खाते करते.

या रचनेतून फरकाची तीन दारे उघडतात. पहिले दार सवलतीचे. १९८८ च्या मूळ कलम १२९ मध्ये दोन परंतुके होती. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटची सक्ती नाही, हे पहिले. आणि राज्य सरकारला योग्य वाटतील त्या आणखी सवलती नियमाने देता येतील, हे दुसरे. दुसरे दार दंडाचे. कायद्याच्या कलम २०० नुसार जागेवर तडजोडीने भरावयाची रक्कम राज्य सरकार ठरविते. त्यामुळे केंद्राने एक हजार लिहिले असले, तरी २०१९ साली गुजरातने पाचशे रुपये ठरविले आणि महाराष्ट्रानेही नवे दर लगेच न लावता डिसेंबर २०२१ मध्ये स्वत:चे दर लागू केले, त्यात हेल्मेटसाठी पाचशे रुपये ठेवले. तिसरे दार सर्वांत मोठे, आणि ते म्हणजे अंमलबजावणी. कागदावर नियम असतो, परंतु चौकात कोणी विचारीत नाही. त्या मुलाचे वाक्य या तिसऱ्या दाराविषयी होते.

निरनिराळ्या राज्यांतील अनुभव

काही उदाहरणे पाहू. दिल्लीत अनेक वर्षे स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक होते. शीख स्त्रियांनी डोक्यावर काही घालण्यास धार्मिक संघटनांचा विरोध होता, आणि कोण स्त्री शीख व कोण नाही हे पोलिसांनी रस्त्यात कसे ओळखावे, अशी अडचण होती. त्यावर तोडगा म्हणून सर्वच स्त्रियांना मोकळीक दिली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्ली सरकारने हा नियम बदलून शीख स्त्रिया वगळता अन्य सर्व स्त्रियांना हेल्मेट आवश्यक केले. चंडीगढमध्ये हाच बदल २०१८ साली झाला. तेथे आरंभी फक्त पगडी बांधणाऱ्या शीख स्त्रियांना सूट होती. पुढे त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाने दिल्लीप्रमाणे सर्व शीख स्त्रियांना सूट देण्याची सूचना केली.

दक्षिणेकडे न्यायालयांनी पुढाकार घेतला. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जुलै २०१५ पासून हेल्मेटची सक्ती काटेकोरपणे सुरू झाली. कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक झाले. केरळात उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर १ डिसेंबर २०१९ पासून मागच्या व्यक्तीसाठी अंमलबजावणी सुरू झाली. गुजरातने मात्र डिसेंबर २०१९ मध्ये शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर सर्व बाजूंनी आक्षेप आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि काही आठवड्यांतच ही सवलत मागे पडली.

आपल्या महाराष्ट्राची कथा पुण्याशिवाय पूर्ण होत नाही. दुचाकींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती आहे आणि हेल्मेटसक्तीविरोधी आंदोलनांचे शहर म्हणूनही ती आहे. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी सक्ती सुरू केली, तेव्हा विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. शहरातील गर्दीत वेग वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही, उन्हाळ्यात घामाने जीव जातो, मानेचे दुखणे वाढते, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही, उतरल्यावर हेल्मेट ठेवायचे कोठे, असे त्यांचे मुद्दे होते. यांतील काही अडचणी खऱ्या आहेत, त्या हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. २०१६ साली राज्यात "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" अशीही घोषणा झाली होती, पण ती टिकली नाही. मुंबईत जून २०२२ पासून वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरही कारवाई सुरू केली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच कलमाखाली, एका शहरात मागच्याला विचारतात आणि दुसऱ्या शहरात विचारीत नाहीत, असे चित्र आपण पाहिले आहे.

परदेशातील स्थिती

हा गोंधळ केवळ आपल्याकडे आहे, असे समजण्याचे कारण नाही. हेल्मेटचा इतिहासच मोठा उद्बोधक आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये "अरेबियाचा लॉरेन्स" म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यानंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप पोहोचविणाऱ्या आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी पहिली सक्ती ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९६१ साली आली. खुद्द ब्रिटनमध्ये ती १ जून १९७३ रोजी आली, आणि पगडीधारी शिखांसाठी वेगळा सवलतीचा कायदा १९७६ साली झाला. कॅनडात ही सवलतही प्रांतागणिक आहे. ब्रिटिश कोलंबियात ती १९९९ पासून, तर आल्बर्टा व ऑन्टारिओत २०१८ पासून आहे.

सर्वांत अधिक विविधता अमेरिकेत आढळते. तेथे हेल्मेटचा कायदा करणे हे प्रत्येक राज्याचे काम आहे. १९६६ च्या कायद्यानंतर केंद्र सरकारने, ज्या राज्यात हेल्मेटची सक्ती नसेल त्याचा महामार्गाचा निधी कापला जाईल, असा धाक घातला. परिणामी १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सर्वांना सक्ती झाली. १९७६ च्या सुमारास हा धाक काढून घेतला जाताच राज्यांनी एकामागून एक कायदे सैल केले. आज सुमारे सतरा राज्यांत सर्व स्वारांना सक्ती आहे. इलिनॉय, आयोवा व न्यू हॅम्पशायर या तीन राज्यांत कायदाच नाही. बाकीच्या राज्यांत ती केवळ ठरावीक वयाखालील तरुणांना आहे. फ्लोरिडात २००० सालापासून एकवीस वर्षांवरील व्यक्तीजवळ दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असल्यास हेल्मेट न घालता गाडी चालविता येते. राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो.

कायदा बदलल्यावर काय होते, हेही तेथेच मोजले गेले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९२ पासून सर्वांना सक्ती झाली. १९९१ मध्ये मोटारसायकल अपघातांत ५२३ मृत्यू झाले होते, ते १९९२ मध्ये ३२७ झाले. आपल्या आशिया खंडातील व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, चालक व मागे बसणारा या दोघांनाही एकदमच सक्ती केली, कोणताही रस्ता वा शहर वगळले नाही. आणि हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण थोड्याच काळात नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. नियम साधा आणि सर्वांना सारखा असला, की तो पाळण्याची सवय लवकर लागते.

हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे काय?

"डोके माझे, फुटले तर माझे फुटेल, सरकारला काय त्याचे?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हक्कांची जाणीव असलेल्या समाजाने असा प्रश्न विचारणे गैर नाही. या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली अजय कानू खटल्यात उत्तर दिले आहे. आंध्र प्रदेशातील हेल्मेटचा नियम संविधानाच्या कलम १९ ने दिलेल्या संचारस्वातंत्र्याचा भंग करतो, असा तेथे दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. हेल्मेट कोणाला कोठे जाण्यापासून अडवीत नाही, उलट त्याचा प्रवास सुरक्षित करते, असा त्या निकालाचा आशय आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातही १९७२ साली असाच वाद न्यायालयापुढे आला. तेथील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस रस्त्यावर पडला की त्याला उचलणारा समाजच असतो. सार्वजनिक रुग्णालयात समाजाचे डॉक्टर त्याच्यावर उपचार करतात. तो कायमचा जायबंदी झाला तर त्याचे व त्याच्या कुटुंबाचे ओझे समाजच वाहतो. तेव्हा ही केवळ त्याची एकट्याची बाब राहत नाही. आपल्याकडे हे अधिकच खरे आहे. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या उशाशी त्याची आई बसते, बहिणीचे शिक्षण थांबते, भावाच्या डोक्यावर कर्ज होते. डोके एकाचे, परंतु त्याच्याबरोबर सारे घर कोसळते.

गावातल्या गावात हेल्मेट कशाला?

आता वेगाच्या मुद्द्याकडे वळू. गाडी उभी असताना माणूस कलंडला आणि त्याचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आले, तर आपटतेवेळी त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो. हा वेग गाडीचा नव्हे, पडण्याचा आहे. गाडी गल्लीत असो वा महामार्गावर, खडी आणि डांबर तेवढेच कठीण असते. म्हणून "हळू चालवतो" हे डोक्याच्या बाबतीत पुरेसे उत्तर नाही.

हेल्मेटचे काम तसे साधे आहे. बाहेरचे टणक कवच मार एका जागी न बसू देता पसरविते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. आतला थर्माकोलसारखा जाड थर मार बसताच दबतो, त्यामुळे डोके एकदम न थांबता थोडे सावकाश थांबते आणि कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. पट्ट्यामुळे हे सारे ऐन वेळी डोक्यावर राहते. निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. धोका शून्य होतो असे कोणी म्हणत नाही. पण तो इतका कमी करणारी दुसरी स्वस्त वस्तू दाखविणे कठीण आहे.

हेल्मेट विकत घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यावर आयएसआय चिन्ह व आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी केवळ असेच हेल्मेट विकण्यास परवानगी आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीसारखी प्लास्टिकची हेल्मेटे पोलिसांच्या नजरेसाठी असतात, डोक्यासाठी नव्हे. माप घट्ट असावे. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बदलावे, कारण आतला थर एकदा दबला की पुन्हा काम करीत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार नवीन दुचाकी घेताना उत्पादकाने मानकाप्रमाणे हेल्मेट देणे बंधनकारक आहे. ते विक्रेत्याकडे मागून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

शेवटी थोडेसे

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले होते, आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. या आकड्याजवळ क्षणभर थांबावे, ही विनंती. गाडी चालविणारा बहुधा घरातला पुरुष असतो. मागे बसणारी बहुधा आई असते, पत्नी असते, बहीण असते, शाळेतून आणलेले मूल असते. त्या गाडीचा वेगही त्यांच्या हाती नसतो आणि ब्रेकही नसतो.

सवलत हा शब्द ऐकायला गोड लागतो. स्त्रियांना सवलत, मागे बसणाऱ्याला सवलत, शहराच्या हद्दीत सवलत. परंतु कर माफ होणे ही सवलत, फी माफ होणे ही सवलत. संरक्षण माफ होणे याला सवलत कसे म्हणावे? धर्मश्रद्धेतून पगडी बांधणाऱ्याने विचारपूर्वक मागून घेतलेली मोकळीक वेगळी आणि केवळ सोयीसाठी कोणाला तरी मोजणीतून वगळणे वेगळे. ज्यांना सूट मिळाली, त्यांच्या डोक्याची किंमत कोणी तरी कमी धरली, एवढाच पुष्कळदा तिचा अर्थ होतो. हद्द, वय, लिंग यांप्रमाणे कायदा बदलेल. कवटीची जाडी बदलत नाही.

त्या मुलाने आता दोन हेल्मेटे घेतली आहेत. दुसरे गाडीला अडकविलेले असते. परवा मला रस्त्यात पाहून तो थांबला आणि "बसा काका" म्हणाला. मी बसण्याआधी त्याने ते माझ्या हाती दिले आणि पट्टा लागल्याचा खटका ऐकू येईपर्यंत गाडी सुरू केली नाही. आमची वाट वसाहतीपासून नाक्यापर्यंत, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची होती. वाटेत पोलीस कोणीही नव्हता.

आपल्या प्रत्येकाच्या घरी एक गाडी असेल, तर हेल्मेटे दोन असावीत, एवढे जरी या लेखाने साधले तरी तो लिहिल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.